ययाती आवडू नये, पण वाचावा

मराठी मध्यमवर्गीय घरातील पुस्तकांच्या कपाटावर नजर टाकली, तर काही नावे हमखास दिसतात. ‘श्यामची आई’ असते, ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ असतात, ‘मृत्युंजय’ असते. ही पुस्तके मुंजीत, वाढदिवसाला, बक्षीस समारंभात दिली जातात. त्यांतील प्रसंग आई मुलांना सांगते आणि वक्ता बौद्धिकात उद्धृत करतो. याच कपाटात बहुधा आणखी एक जाडजूड पुस्तक असते, वि. स. खांडेकर यांचे ‘ययाति’. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि पुढे १९७४ चा, मराठीला मिळालेला पहिला ज्ञानपीठ पुरस्कारही तिच्याच वाट्याला आला. मात्र ही कादंबरी भेट दिली जाते ती तिच्या मानामुळे, आणि अनेकदा अर्ध्यावर मिटली जाते ती तिच्या नायकामुळे.

हा नायक वाचकाला आवडत नाही. तो पराक्रमी आहे, पण पराक्रम त्याला पुरत नाही. तो प्रेम करतो, पण ज्याच्यावर प्रेम करावे त्यालाच दुःखात लोटतो. तो राजा आहे, पण राज्य त्याच्या पत्नीला सांभाळावे लागते. शेवटी तर तो पोटच्या मुलाचे तारुण्य मागून घेतो. वाचकांच्या मंडळात या कादंबरीचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो: अशा माणसाची कथा इतकी पाने का वाचायची? वाचून मनावर कोणता संस्कार होणार? ज्या घरात नवी पिढी वाढते आहे, तेथे असा नायक आणून काय साधणार?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. वाचनाने मन घडते यावर ज्यांचा विश्वास आहे, तेच हा प्रश्न विचारतात. ज्यांना साहित्य ही केवळ वेळ घालवण्याची वस्तू वाटते, त्यांना तो पडतच नाही. म्हणून त्याचे उत्तरही संस्काराच्याच भाषेत दिले गेले पाहिजे.

कारणे सांगणारा माणूस

प्रथम हा नायक नेमका का आवडत नाही, हे पाहणे आवश्यक आहे. तो क्रूर आहे म्हणून नव्हे. खलनायक वाचकाला त्रास देत नाहीत. दुर्योधनाची वा औरंगजेबाची कथा वाचताना कोणी पुस्तक मिटून ठेवत नाही. खलनायक बाहेर उभा असतो आणि त्याचा तिरस्कार करणे सोपे असते. ययाती मात्र बाहेर उभा राहत नाही. खांडेकरांनी ही कादंबरी प्रथमपुरुषी निवेदनात लिहिली. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात आणि त्यांत ययातीचा वाटा मोठा आहे. वाचकाला त्याच्या ‘मी’मध्ये शिरून जगाकडे पाहावे लागते. तेथून पाहताना ययातीचे प्रत्येक पाऊल त्याच्यापुरते समजण्याजोगे वाटते, आणि वाचकाची खरी अस्वस्थता येथून सुरू होते.

ययातीपाशी प्रत्येक चुकीचे कारण आहे. पिता नहुष याला शाप होता की त्याची मुले कधी सुखी होणार नाहीत. थोरला भाऊ यती घर सोडून विरक्त झाला. पित्याचा मृत्यू डोळ्यांदेखत घडला आणि मरणाचे भय कायमचे मनात रुतले. जिच्यावर पहिले प्रेम जडले त्या अलकेचा बळी त्याच्या आईच्या आज्ञेने गेला. पुढे पत्नी मिळाली ती देवयानी, रूपगर्विता, मानी आणि कचाचे पहिले प्रेम विसरू न शकलेली. यांपैकी एकही कारण खोटे नाही. वाचक न्यायाधीश होऊन बसला, तरी या साऱ्या साक्षी त्याला मान्य कराव्या लागतील. तरीही त्या साऱ्यांची बेरीज केली, तर अशोकवनातील ययातीचे समर्थन होत नाही. शर्मिष्ठेला संकटकाळी वाऱ्यावर सोडण्याचे समर्थन होत नाही, आणि पुरूच्या तारुण्यावर हात टाकण्याचे तर मुळीच होत नाही.

कारण आणि समर्थन यांतील हे अंतर दाखवणे, हे या कादंबरीचे खरे कार्य आहे. जगातील बहुतेक माणसे ‘आपण पाप करतो आहोत’ असे म्हणून पाप करीत नाहीत. ती आपली परिस्थिती सांगतात, आपल्यावर झालेला अन्याय सांगतात, दुसऱ्याचा स्वभाव सांगतात आणि मग हळूच पाऊल टाकतात. कार्यालयात वरचे पैसे घेणाऱ्याकडे मुलीच्या लग्नाचे कारण असते. वृद्ध आईवडिलांना दूर ठेवणाऱ्याकडे जागेच्या अडचणीचे कारण असते. संघटनेच्या कामातून अंग काढून घेणाऱ्याकडे सहकाऱ्यांनी केलेल्या उपेक्षेचे कारण असते. कारणे खरी असतात. म्हणूनच ती धोकादायक असतात. ‘ययाति’ वाचताना वाचकाला जी चीड येते, तिच्यात ओळखीचा अंश असतो. हा आवाज पूर्वी कोठेतरी ऐकला आहे, बहुधा स्वतःच्याच मनात, ही ती ओळख होय.

जीवनासाठी कला मानणाऱ्याने निवडलेला नायक

खांडेकरांनी असा नायक निवडला, याचे महत्त्व त्यांची साहित्यविषयक भूमिका ध्यानात घेतल्याशिवाय कळणार नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी ऐकला. त्यात खांडेकर जीवनवादी पक्षाचे. १९२० साली ते कोकणातील शिरोडे येथे शिक्षक म्हणून गेले आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी त्या खेड्यात शाळा सांभाळली. त्यांच्या आधीच्या कादंबऱ्यांत ध्येयवादी तरुण भेटतात, त्यागाची स्वप्ने पाहणारी माणसे भेटतात. वाचकाला उन्नत करावे, ही त्यांची तळमळ लपून राहत नाही. तीवर ‘बोधवादी’ अशी टीकाही पुष्कळ झाली.

असा लेखक साठीच्या उंबरठ्यावर आल्यानंतर ययातीकडे वळतो, ही घटना विचार करायला लावणारी आहे. तोवर स्वातंत्र्य मिळून एक तप उलटले होते. ज्या पिढीने तुरुंगवास पत्करला होता, तिच्याभोवती आता परवाने, पदे आणि सोयी यांचे नवे जग उभे राहत होते. त्या काळात आणखी एक आदर्श तरुण उभा करणे खांडेकरांना अवघड नव्हते, कारण ती त्यांची हातखंडा कला होती. परंतु त्यांनी उपभोगाच्या मागे धावणाऱ्या आणि कितीही मिळाले तरी अतृप्त राहणाऱ्या माणसाचे चित्र काढले. आजच्या सामान्य माणसाचा प्रतिनिधी म्हणून त्यांनी ययातीकडे पाहिले. वाचकाला उन्नत करण्याची तळमळ तीच होती, फक्त मार्ग बदलला होता. आदर्शाचे चित्र पाहून माणूस हात जोडतो. स्वतःचे चित्र पाहून तो खाली मान घालतो. या दोन्ही क्रिया संस्काराच्याच आहेत.

याच कथेने इतरांनाही आकर्षित केले. कन्नड नाटककार गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ १९६१ साली आले आणि मराठीत वि. वा. शिरवाडकर यांचे ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ साली. तीन वेगळ्या प्रकृतीच्या लेखकांना एकाच दशकाच्या आसपास हाच राजा आठवावा, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला भोगाचा प्रश्न पडला होता आणि त्याचे सर्वांत जुने, सर्वांत परखड रूप व्यासांपाशी होते.

परंपरेने काय झाकले नाही?

येथे एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. न आवडणारा नायक ही पाश्चात्त्य साहित्याची देणगी आहे आणि भारतीय परंपरेने केवळ आदर्श पुरुषांची चरित्रे गायिली, असे समजणारे वाचक पुष्कळ आहेत. काहींना या समजुतीचा अभिमान वाटतो, तर काही तिच्या आधारे परंपरेची थट्टा करतात. दोघेही महाभारत न वाचता बोलत असतात.

ययाती हा महाभारतात कोणी परका राजा नाही. देवयानीपासून त्याला यदू आणि तुर्वसू झाले, शर्मिष्ठेपासून द्रुह्यू, अनू आणि पुरू. यदूच्या वंशात श्रीकृष्ण जन्मला; पुरूच्या वंशात भरत, कुरू आणि अखेरीस कौरव-पांडव जन्मले. म्हणजे ज्या कुळाची कथा सांगायची, त्याच्या मूळपुरुषांत हा वासनांध राजा आहे आणि व्यासांनी त्याला वंशावळीतून गाळलेले नाही. आदिपर्वात त्याची कथा सविस्तर येते. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आलेला हा पिता एकेका मुलापुढे हात पसरतो, चौघे नकार देतात आणि धाकटा पुरू आपले तारुण्य देतो. हजार वर्षे भोग भोगल्यावर ययातीला कळते की उपभोगाने वासना शमत नाही, तूप ओतल्यावर अग्नी भडकावा तशी ती वाढत जाते. हा विचार महाभारताने कोणा ऋषीच्या तोंडी घातलेला नाही. तो त्या थकलेल्या भोगी राजाच्या तोंडी घातला आहे, कारण तो सांगण्याचा अधिकार त्यानेच मिळवला होता.

हे एकच उदाहरण नाही. धर्मराज द्यूताला बसतो, पत्नीला पणाला लावतो आणि महाकाव्य त्याचे ते रूप झाकत नाही. भीष्मांचे सभेतील मौन झाकत नाही. खुद्द व्यास या कुळाच्या जन्मकथेत गुंतलेले आहेत, तेही झाकत नाही. ज्या समाजाला आपल्या पूर्वजांचे दोष सांगण्याचे धैर्य असते, त्याच्या अभिमानाला पाया असतो. दोष झाकून उभारलेला अभिमान पहिल्या प्रतिवादातच ढासळतो. मग तो टिकवण्यासाठी आवाज चढवावा लागतो.

संस्कृत साहित्यशास्त्रानेही या प्रश्नाचा विचार केलेला आहे. मम्मटाने उपदेशाचे तीन प्रकार मानले. वेदाचा उपदेश धन्याच्या आज्ञेसारखा, पुराणेतिहासाचा मित्राच्या सल्ल्यासारखा आणि काव्याचा प्रिय पत्नीच्या बोलण्यासारखा. रामासारखे वागावे, रावणासारखे वागू नये, हा बोध काव्य गोडीने मनात उतरवते. या मांडणीत एक गोष्ट गृहीत आहे, ती अशी की रावण काव्यात असलाच पाहिजे, आणि तोही पूर्ण रंगवलेला. कादंबरीने पुढचे पाऊल टाकले. तिने रावणाला बोलायला लावले आणि वाचकाला विचारले की यातील किती वाक्ये तुमची आहेत?

दुसरे पतन

आदिपर्वातील कथेला एक उत्तरार्ध आहे. तो खांडेकरांच्या कादंबरीत नाही आणि सामान्य वाचकालाही फारसा ठाऊक नसतो. तारुण्य पुरूला परत देऊन, राज्य त्याच्यावर सोपवून ययाती वनात गेला. त्याने कठोर तप केले आणि त्या पुण्याने स्वर्ग मिळवला. तेथे इंद्राने त्याला विचारले, तपाने तुझ्याशी बरोबरी करणारा कोण? ययातीने उत्तर दिले की देवांत, मानवांत, गंधर्वांत, महर्षींत तसा कोणीच दिसत नाही. या एका उत्तराने त्याचे पुण्य सरले आणि तो स्वर्गातून खाली पडला. पडला तो आपल्या दौहित्रांमध्ये, आणि त्या सज्जन तरुणांच्या संगतीत त्याला पुन्हा वरची वाट सापडली.

ज्या माणसाने भोग जिंकला, त्याला ‘आपण जिंकलो’ या भावनेने हरवले. पहिले पतन वासनेचे होते, दुसरे सद्गुणाच्या गर्वाचे. कार्यकर्त्याने आणि सुसंस्कृत गृहस्थाने या दुसऱ्या पतनाची कथा अधिक काळजीपूर्वक वाचली पाहिजे. साधी राहणी, नियमित जीवन, निर्व्यसनीपणा, समाजासाठी दिलेला वेळ हे सारे मोलाचे आहे. परंतु त्याची शिल्लक मनात मोजली जाऊ लागली आणि इतरांकडे पाहून ‘यांच्यात माझ्या तोडीचा कोण?’ हा प्रश्न उठू लागला, की स्वर्गातील ययाती आणि तो गृहस्थ एकाच पायरीवर उभे असतात.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘असल्या माणसाची कथा का वाचायची?’ असे म्हणून जो वाचक पुस्तक तिरस्काराने मिटतो, तो ‘आपण याच्यासारखे नाही’ असा निर्वाळा स्वतःला देत असतो. इंद्राच्या सभेत ययातीने याहून वेगळे काय म्हटले होते? नायक न आवडणे योग्यच आहे. त्याच्या कृत्यांची चीड येणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे. मात्र त्या चिडीचे रूपांतर स्वतःविषयीच्या समाधानात झाले, तर वाचन व्यर्थ गेले.

कर्णाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ‘मृत्युंजय’ १९६७ साली आल्यापासून मराठी वाचकाने कर्णावर उदंड प्रेम केले. कर्ण निर्दोष नाही. सभेत द्रौपदीचा अपमान होत असताना त्याने काय केले, हे महाभारताचा वाचक जाणतो. पण त्याच्यावर झालेल्या अन्यायाने वाचकाचे डोळे भरून येतात आणि दोषांकडे काणाडोळा होतो. ज्याच्यावर प्रेम जडते त्याचे दोष दिसत नाहीत, हा मनुष्यस्वभावच आहे. आपल्या माणसाच्या, आपल्या मुलाच्या, आपल्या गटाच्या आणि आपल्या नेत्याच्या बाबतीतही तो असाच चालतो. ययातीवर प्रेम जडत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत डोळे उघडे राहतात. डोळे उघडे ठेवून एखाद्या माणसाजवळ दीर्घकाळ बसण्याची सवय ही सार्वजनिक जीवनातही फार उपयोगी पडते.

प्रत्येक वाईट नायक वाचनीय नसतो

याचा अर्थ अप्रिय नायक असलेली प्रत्येक कादंबरी डोक्यावर घ्यावी, असा मात्र नाही. विकृतीचे प्रदर्शन करून तिला धीट साहित्य म्हणवून घेण्याची लाट मराठीत अनेकदा आली आणि ओसरली. पालकांची त्याविषयीची सावधगिरी चुकीची नाही. तेव्हा पारख करण्यासाठी काही कसोट्या हव्यात.

पहिली कसोटी अशी की नायकामुळे ज्यांना सोसावे लागले, त्यांना त्या कादंबरीत आवाज आहे काय? ‘ययाति’मध्ये शर्मिष्ठा स्वतः बोलते. राजकन्या असून दासी झालेली, राजाची प्रिया असून पळून जावे लागलेली, तान्ह्या मुलाला उराशी धरून रानोमाळ हिंडणारी ही स्त्री आपले दुःख सांगते, तेव्हा ययातीच्या साऱ्या कारणांचे वजन आपोआप ठरते. दुसरी कसोटी अशी की कृत्याची किंमत कोणी मोजतो काय? पुरूच्या देहावर म्हातारपण उतरते आणि ते पाहून पित्याचा भोगाचा कैफ उतरतो. महाभारतातील हजार वर्षे खांडेकरांनी ठेवली नाहीत. त्यांच्या ययातीला जाग येते ती शेजारी उभ्या राहिलेल्या परिणामाने. तिसरी कसोटी अशी की नायकाने नाकारलेली वाट कादंबरीत दिसते काय? येथे कच आहे. त्याला स्वतंत्र निवेदन नाही, पण त्याचे असणे सर्वत्र जाणवते. मात्र कचाच्या बळावर कादंबरी तोलून धरण्याच्या प्रयत्नात खांडेकर काही ठिकाणी प्रवचनाकडे झुकतात आणि कच माणूस कमी, विचार अधिक होतो, ही टीकाकारांची तक्रार रास्त आहे. ययाती जितका जिवंत आहे, तितका कच नाही. वाईट माणूस रंगवणे सोपे आणि चांगला माणूस जिवंत करणे कठीण, हे साहित्यातील जुने सत्य येथेही आढळते.

या कसोट्या इतर कादंबऱ्यांनाही लावून पाहता येतात. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालची. नाझी जर्मनीतून निघालेल्या ज्यू निर्वासितांसह बोटीवरून येणारा तिचा नायक चक्रधर हॅर्टाच्या उत्कट प्रेमाला पुरा पडत नाही. वाचकाला तो दुबळा वाटतो, पण त्याच्या दुबळेपणातून एका निराधार झालेल्या समाजाचे दुःख जे दिसते, ते विसरता येत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर याच्यावर तर अनेक सुसंस्कृत घरांचा राग आहे. वडिलांचे पैसे उधळणारा, पुण्यात शिकायला जाऊन काही न शिकणारा, कशालाच न मानणारा हा तरुण. नेमाड्यांच्या वाङ्मयीन आणि सामाजिक मतांशी मतभेद असणारे पुष्कळ आहेत आणि ते मतभेद सबळ आहेत. तरीही धाकट्या बहिणीच्या मृत्यूने तो मुळापासून हलतो, ती पाने वाचल्यावर या तरुणाच्या तुसडेपणाखाली काय दडले आहे, ते उमगते. खेड्यातून शहरात आलेल्या मुलांची जी मने शाळा-महाविद्यालयांना कळली नाहीत, ती समजून घेण्याची इच्छा असणाऱ्याने पांडुरंगाला भेटायलाच हवे. युवकांत काम करायचे आणि युवकाचे न आवडणारे बोलणे ऐकायचे नाही, असे कसे चालेल?

मुलांचे तारुण्य मागणारा समाज

‘ययाति’ आज वाचण्याचे आणखी एक कारण आहे. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला. दारिद्र्य हा सद्गुण नाही, तेव्हा समृद्धीला नाके मुरडण्याचे कारण नाही. अर्थ आणि काम यांना हिंदू विचाराने पुरुषार्थ मानले आहे. फक्त त्यांवर धर्माचा अंकुश ठेवला आहे. परंतु हप्त्यांवर घेतलेले सुख, त्या हप्त्यांसाठी धावणारे आईवडील आणि त्यांच्या अपुऱ्या इच्छांचे ओझे वाहणारी मुले हे चित्र घराघरांत दिसू लागले आहे. ज्याला स्वतःला डॉक्टर होता आले नाही, तो पिता मुलाला कोवळ्या वयात शिकवणीवर्गांच्या चक्रात घालतो. लातूरला किंवा कोट्याला पाठवलेल्या त्या मुलाचे खेळण्याचे, वाचण्याचे, मित्र जोडण्याचे दिवस कोणाच्या इच्छेसाठी खर्ची पडतात? येथे तारुण्य मागणारा हात पित्याचाच असतो. फरक इतकाच, की पुरूला निदान विचारले गेले होते.

जे कुटुंबात, तेच समाजात. जमिनीखालचे पाणी उपसून संपवणारी, डोंगर फोडणारी, नद्यांची गटारे करणारी पिढी आपल्या नातवंडांच्या वाट्याचे आयुष्य आजच भोगत असते. तिच्याकडेही ययातीसारखीच कारणांची लांब यादी आहे आणि त्यांतील बहुतेक कारणे खरी आहेत. नदीची आरती करणारे हात नदीत निर्माल्याच्या पिशव्या टाकतात, तेव्हा त्यांना कोणी अधर्मी म्हणत नाही. ते हात आपलेच असतात. म्हणूनच या राजाचा तिरस्कार करून मोकळे होता येत नाही.

घरात कसे वाचावे?

वाचनाचा संस्कार घरातून होतो, तेव्हा काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे अप्रस्तुत होणार नाही. ही कादंबरी शाळकरी मुलांसाठी नाही. महाविद्यालयात जाऊ लागलेल्या मुला-मुलींच्या हाती ती जरूर द्यावी, आणि देताना ‘यातून हा बोध घे’ अशी चिठ्ठी जोडू नये. आधीच काढून दिलेले तात्पर्य हे दुसऱ्याने चावून दिलेल्या घासासारखे असते. आईवडिलांनी ती आधी स्वतः वाचावी, कारण तिचा पहिला वाचक मुलगा नसून पिता आहे. घरातील चर्चेत ‘ययाती चांगला की वाईट?’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्याचे उत्तर लहान मूलही देईल. त्याऐवजी विचारावे की तो नेमका कोठे परत फिरू शकला असता? त्याच्या कोणत्या कारणाने वाचक क्षणभर फसला? देवयानीच्या अहंकाराला तिच्या पित्याचे आंधळे लाड किती जबाबदार? शर्मिष्ठेला न्याय कोणी द्यायला हवा होता आणि सारे गप्प का राहिले? अशा चर्चेत मुलगी बापाला एखादा अवघड प्रश्न विचारील. तो ऐकून घेण्याची तयारी हवी.

वाचनमंडळांनी आणि अभ्यासवर्गांनीही वर्षातून एखादे तरी असे पुस्तक निवडायला हरकत नाही. चरित्रे वाचावीत, वीरगाथा वाचाव्यात, त्यांनी छाती भरून येते आणि कामाला बळ मिळते. पण व्यक्तिनिर्माणाचे काम ज्यांनी अंगावर घेतले आहे, त्यांना मनुष्य कसा घडतो याबरोबरच तो कसा घसरतो, हेही माहीत असले पाहिजे. घसरण एका दिवसात होत नाही. ती एकेका कारणाने, एकेका सवलतीने, एकेका न विचारलेल्या प्रश्नाने होते. वैद्याला आरोग्याची वर्णने पाठ असून भागत नाही. त्याला रोगाची लक्षणे ओळखता यावी लागतात, आणि ती आधी स्वतःच्या देहात ओळखता यावी लागतात.

श्रीरामाची आणि शिवछत्रपतींची चरित्रे घराच्या देवघरात दिव्यासारखी तेवत असतात. त्यांच्या प्रकाशात कोठे जायचे ते कळते. ‘ययाति’सारखी कादंबरी घरातील आरशाची जागा घेते. आरशासमोर उभे राहणे नेहमीच सुखाचे नसते आणि त्यात दिसणारा चेहरा आवडला पाहिजे, असा नियमही नाही. पण जे घर केवळ दिवा ठेवते आणि आरसा झाकून ठेवते, तेथील माणसे प्रकाशात उभी असूनही स्वतःच्या चेहऱ्यावरचा डाग पाहू शकत नाहीत. कपाटात अर्ध्यावर मिटून ठेवलेले ते जाडजूड पुस्तक पुन्हा उघडावे, खूण घातलेल्या पानापासून पुढे वाचावे आणि नायकाविषयी मनात उठलेला राग शेवटच्या पानापर्यंत जपून न्यावा. तेथे पोचल्यावर त्यातील थोडा स्वतःच्याही वाट्याला येऊ द्यावा.